डावा कान

हेडफोन शाळेत नेला त्याच दिवशी रक्त निघालं. तिसरीतल्या एका पोरीनं शेजारच्या पोराच्या मनगटाला असा कडकडून चावा घेतला की सोडवायला मला तिचं नाक दाबावं लागलं. पोरगं बोंबलतंय, पोरगी दात सोडंना, आणि हेडफोनची पिन निसटल्यामुळं फरशीवर पडलेल्या मोबाईलातून माझाच गोड गोड आवाज सगळ्या शाळेला ऐकू जातोय, "एक होतं कोकरू. ते होतं लई गोड." माझ्या तंत्रज्ञानाच्या पाठाचा श्रीगणेशा हा असा झाला.

मी तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मूळची भूमकडची. येरमाळ्यात मावशीच्या घरी राहायचं, सकाळी टमटममध्ये स्वतःला कोंबून हायवेच्या पलीकडच्या एका गावात उतरायचं आणि तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सरांच्या हाताखाली शिकवायचं, असं ते शिकाऊ मास्तरकीचं काम. कॉलेजनं प्रत्येकीला एकेक विषय नेमून दिला होता. माझ्या वाट्याला आलं प्राथमिक वर्गातलं तंत्रज्ञान. मैत्रिणी म्हणाल्या, मजा आहे बाई तुझी, टीव्ही लावायचा आन् बसायचं. टीव्ही होता बरं का शाळेत. चांगला मोठा. प्लास्टिकचं कव्हर घातलेला, वर हळद-कुंकवाची बोटं उमटलेली. लाईट तेवढी नसायची.

म्हणून मी आपला मोबाईल काढला. घरी बसून स्वतःच्या आवाजात गोष्टी भरल्या, कोकराची, लांडग्याची, हरवलेल्या चपलेची. पहिल्यांदा स्पीकर नेला. पण तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची. इकडं माझं कोकरू ओरडलं की तिकडं सरांच्या चौथीचे भागाकार चुकायचे. "मॅडम, तो डबा बंद करा, नायतर खिडकीतून भिरकावतो," सर म्हणाले. ते भिरकावतील याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मग येरमाळ्याच्या स्टँडजवळच्या दुकानातून वायरचा हेडफोन घेतला, कानात बोंडं घालायची तसला. दोन बोंडं, दोन पोरं. ओसरीवर एकाला एक चिकटून बसायचं, एकानं एक बोंड घालायचं, दुसऱ्यानं दुसरं, गोष्ट ऐकायची आणि मला सांगायची. वायर आखूड, त्यामुळं एकाच्या उजव्या कानात आणि दुसऱ्याच्या डाव्या कानात असंच घालता यायचं.

त्या दिवशी ही पोरगी आणि ते पोरगं जोडीला बसले. हिच्या वाट्याला बोंड आलं ते डाव्या कानात. पोरगं गोष्ट ऐकून खिदळायला लागलं. ही नुसतीच त्याच्या तोंडाकडं बघत बसली. मग म्हणाली, "मला दे." तो म्हणाला, "तुझं हाय की तुला." ती म्हणाली, "तुझं दे." तो म्हणाला, "जा गं." आणि पुढं मनगट.

चौथीला भागाकार सांगत असलेले सर उठले. लांब लांब ढांगा टाकत ओसरीवर आले, पोरीला दंडाला धरून उभी केली आणि दिली ठेवून. डाव्या कानशिलात. आवाज असा आला की पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं. पोरगी रडली नाही. डोकं झटकलं, कान खांद्याला घासला आणि त्या पोराकडं बघून पुन्हा दात दाखवले. सर मला म्हणाले, "मेंढरामागची जात. ह्यांना असंच कळतं. तुमचं मोबाईल-बिबाईल ह्यांना चालत न्हाय."

माझा आजा मेंढरामागंच हिंडला होता. पण मी त्यांच्या हाताखालची. माझ्या पाठांवर त्यांची सही लागायची. मी गप बसले, पण माझं टाळकं तापलेलं होतं ते संध्याकाळपर्यंत उतरलं नाही.

सर वाईट होते असं मी म्हणाले तर तो गाव मला आजसुद्धा उभं करणार नाही. घंटेच्या आधी हजर. सुट्टी घेतली तर लोक विचारायला घरी जायचे इतकी कमी सुट्टी. त्यांच्या हाताखालची पोरं पोलिसांत, मिलिटरीत, एक पोरगी पुण्याला नर्स. बायका म्हणायच्या, सरांचा हात लागला की पोरगं मार्गी लागतं. हात लागला म्हणजे काय, ते मी रोज बघत होते. पाढा चुकला, एक थप्पड. बोललं, एक. बोललं नाही, एक. नाक ओढलं, एक. आणि सगळ्या एकाच जागी, कारण सर उजव्या हाताचे आणि पोरं त्यांच्यासमोर उभी.

आपल्याकडं रागाला कान सोडून दुसरी जागा ठाऊकच नाही. कानफटात देईन, कानाखाली जाळ काढीन, कानशील रंगवीन, कान उपटून हातात देईन. माझ्याच तोंडात दिवसातून कितीदा तरी हे येतं, भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, धाकट्या भावाला. आमच्या घरात माराची टंचाई नव्हती. बाप एसटीत ड्रायव्हर, दिवसभर हॉर्न ऐकून यायचा आणि घरात कुणी मोठ्यानं बोललं की कमरेचा पट्टा काढायचा. पण त्याची जागा ठरलेली होती, पिंढऱ्या. वर मारलं तर पोर बिघडतं, म्हणायचा. मला वाटायचं, सगळ्यांचे बाप असेच मोजूनमापून मारत असतील.

त्या गावात आणखी एक रीत होती. पोर शाळेत घालायच्या दिवशी बाप एक नारळ आणि निरगुडीची सोललेली फोक घेऊन यायचा. दोन्ही सरस्वतीच्या फोटोपुढं ठेवायचं, नारळ फोडायचा, फोक सरांच्या हातात द्यायची. पोर तुमच्या स्वाधीन, असा त्याचा अर्थ. कपाटावर असल्या फोकांचा भारा पडलेला होता, धूळ खात. मी सरांना विचारलं तर म्हणाले, "आता छडी बंद झाली ना. कायदा आला. वळ उठतात, कुणीतरी फोटो काढतं, वर पाठवतं." मग स्वतःच्या तळव्याकडं बघून म्हणाले, "ह्याचा वळ राहत न्हाय." हे त्यांनी चेष्टेत म्हणलं. मी हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला एकटीला ओसरीवर घेतलं. चावऱ्या पोरीला जोडी कोण देणार? दोन्ही बोंडं तिला दिली. म्हणलं, घे बाई, तुझंच राज्य. गोष्ट लावली. तिचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं. लांडगा आल्यावर डोळे विस्फारले, कोकरानं लांडग्याला शिंग मारल्यावर मांडीवर थाप मारली. मग चाळा म्हणून तिनं उजव्या कानातलं बोंड काढलं. चेहरा विझला.

"बंद पडलं, म्याडम."

मी बघितलं. गोष्ट चालूच होती. तिच्या डाव्या कानातलं बोंड काढून माझ्या कानात घातलं, माझा आवाज खणखणीत. पुन्हा तिच्या डाव्या कानात घातलं.

"ऐकू येतंय का?"

"न्हाय. तुमचं यंत्र बिघडलंय."

बोंडांची अदलाबदल केली. तेच. आवाज वाढवला, आणखी वाढवला, इतका की बोंड बाहेर असतानाही शब्द कळावेत. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत बसली, काल त्या पोराच्या तोंडाकडं बघत होती तशीच. मी तिच्या मागं गेले, डाव्या कानाजवळ टाळी वाजवली. काही नाही. उजव्या बाजूनं हळूच हाक मारली, लगेच वळली. तिला स्वतःला हे ठाऊक नव्हतं हो. तिच्या लेखी ऐकू येणं म्हणजे एवढंच होतं.

आणि मग मला एकेक दिसायला लागलं. वर्गात ती बसायची खिडकीपाशी, डावं अंग सरांकडं. सर हाक मारायचे, ही बघायची नाही. सर पुन्हा हाक मारायचे, ही बघायची नाही. "ऐकू येईना व्हय गं, बहिरे?" असं ओरडत सर यायचे आणि द्यायचे ठेवून, त्याच कानावर. ऐकू येत नाही म्हणून मार आणि माराच्या पायी ऐकू येत नाही, असं ते रहाटगाडगं कधीपासून चाललं होतं देव जाणे.

त्या आठवड्यात मी गोष्ट ऐकवायच्या निमित्तानं दोन्ही वर्गांतलं एकेक पोर ओसरीवर घेतलं आणि एकेक कान तपासला. बहुतेकांचे कान धड होते. पण एक पोरगी म्हणाली, ह्या बाजूला तुमी लांबून बोलल्यागत वाटतं. चौथीतलं एक दांडगं पोरगं डाव्या कानात बोट घालून म्हणालं, "इथं शिट्टी वाजती, म्याडम. राती बी वाजती." कधीपासून, विचारलं तर खांदे उडवले. उजव्या कानाची तक्रार एकाचीही नव्हती. मी माझेही कान तपासले. दोन्ही ठणठणीत. बापाच्या पट्ट्याचे मी त्या दिवशी पहिल्यांदा आभार मानले, आणि असले आभार मानावे लागतात याचा मला संताप आला.

मधल्या सुट्टीत सरांना गाठलं. ते डबा खात होते. मी सगळं सांगितलं, हेडफोन पुढं धरला, म्हणलं, तुम्हीच बघा तपासून. सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला, खाल्ला.

"कान वाहत असतील. तळ्यात पोहतात, कानात पाणी जातं, पू होतो. कानात काड्या घालतात. मेंढरांच्या गोचड्या कानात जातात. तुम्हाला काय माहिती?"

"सगळ्यांचा डावाच कसा वाहतो, सर?"

सरांचा घास थांबला. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता माझ्याच कानाखाली बसते. उजवा हात ठेच्यानं माखलेला होता, तो त्यांनी डब्यावर तसाच धरून ठेवला.

"मला माझ्या मास्तरानं भिंतीवर डोकं आपटून शिकवलंय," ते म्हणाले. "म्हणून आज खुर्चीत बसलोय. तुमचा तो विषय आहे ना, तंत्रज्ञान? तेवढंच बघा. कानाचे डॉक्टर होऊ नका."

संध्याकाळी टमटम सोडली आणि पोरीबरोबर तिच्या वस्तीवर चालत निघाले. हायवे ओलांडताना पोरगी उजवीकडं बघून सरळ पळाली आणि डावीकडून आलेला ट्रक हॉर्न बोंबलत तिच्या मागून गेला. ट्रक कुठून येतोय हे तिला कळतच नव्हतं. मी तिला पकडून हलवलं, ओरडले, "बघता येत नाही का गं भवाने!" आणि हात वर गेलेला माझा मीच खाली घेतला. रोज ती अशीच ओलांडत होती, मेंढरं घेऊनसुद्धा.

वस्तीवर तिचा बाप कोकरांच्या कानाला खूण करत बसला होता. आपलं जितराब दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर ओळखू यावं म्हणून कानाचा तुकडा काढतात. कोकरू दोन गुडघ्यांत धरायचं, कान ताणायचा, चाकूनं खाच, वर हळद. कोकरं किंचाळत होती, त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते, आणि प्रत्येक कोकरू सोडताना तो त्याच्या कपाळाचा मुका घेत होता. माणूस असा दांडगा की बसलेला असून माझ्या खांद्याला लागत होता. पोरगी जाऊन लगेच पुढचं कोकरू धरून आली.

मी म्हणलं, "मामा, हिच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही."

तो हसला. "मला बी न्हाय येत, म्याडम. शाळंत हुतो तवापासून. मेंढरू कुठल्या अंगाला वरडतंय ते फिरून बघावं लागतं. चालतंय की."

"चालतंय काय! आत्ता ट्रकखाली गेली असती ही."

चाकू थांबला. मग मी हेडफोन काढला. पोरीच्या दोन्ही कानांना लावून दाखवला. नंतर त्याच्या कानाला लावला. एवढा मोठा माणूस, कानातलं ते बारकं बोंड बोटानं दाबून धरून कोकराची गोष्ट ऐकत बसला. मी बोंड डाव्या कानात घातल्यावर त्याचं तोंड उतरलं. पुन्हा उजव्यात, पुन्हा डाव्यात, असं त्यानं स्वतःच कितीदा तरी करून बघितलं. मग पोरीकडं बघितलं आणि नुसता बघतच राहिला. हातातल्या कोकराच्या कानातून रक्त गळत होतं. म्हणाला, "खूण एकाच कानाला करायची असती, म्याडम. दुसरा शाबूत ठिवायचा. त्याच्यावर जितराब जगतं."

जिल्ह्याच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टरनं नळी घालून, दिवा लावून बघितलं. पडदा फाटलेला, जुनी जखम, आतपण बिघडलेलं. ऑपरेशन करून फार काही परत येईल असं वाटत नाही म्हणाले. कशानं झालं असेल, मी विचारलं. मारानं होतं, पाण्यानं होतं, सांगता येत नाही, म्हणाले. मग बापाकडं वळून बोट उगारून म्हणाले, "आता उजवा कान सांभाळा. त्याला धक्का लागता कामा नये. तो गेला की सगळं गेलं." बापानं मान डोलावली. गावी परत येईपर्यंत एसटीत तो पोरीचा उजवा कान तळव्यानं झाकून बसला होता, वारं लागू नये म्हणून.

पुढं काय काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे उगीच कुणाला आशा नको. सरांना कुणी काही केलं नाही. तक्रार मी केली, तिचं काय झालं मला कळलं नाही. मला दुसऱ्या शाळेत टाकलं, तिथं टीव्ही चालू होता आणि माझा विषय छान पार पडला. त्या विषयाला चांगले मार्क मिळाले. आता मी स्वतः एका शाळेत शिकवते, आणि माझ्या वर्गात कुणी कुणाच्या अंगावर हात टाकला तर मी काय करीन ते पोरांना पक्कं ठाऊक आहे. हे सगळं झालं. पण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही तो दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशीचा सकाळचा वर्ग.

प्रार्थना होऊन पोरं बसली होती. मी तिसरीला शुद्धलेखन देत होते. ओसरीवर पावलं वाजली आणि दारातला उजेड गेला. पोरीचा बाप. खांद्यावर लांब दांड्याची कुऱ्हाड, बाभळीचे डहाळे तोडायला मेंढरामागं नेतात ती. दुसऱ्या हातात काहीतरी लांब, टॉवेलात गुंडाळलेलं. डोळे लाल. रात्रभर झोपला नसावा. सरांनी हातातला खडू खाली ठेवला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मला वाटलं, आज सरांचं डोकं फुटतंय. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मी जागची हलले नाही. मनात म्हणलं, घाल. एकदा तरी कुणीतरी घाल.

त्यानं कुऱ्हाड दाराला टेकवली, चपला काढल्या, आत आला आणि सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"सर, तुमी गुरू. पोरगी तुमच्या पायाशी घातलेली हाय. तिचा डावा कान ग्येला. डाक्टर म्हणला, उजवा जपा. माझी येवढीच इनंती हाय, मारायचं तर डाव्या अंगाला मारा. तो तर गेलेलाच हाय. उजव्याला तेवढा हात लावू नगा."

त्यानं टॉवेल सोडला. आत निरगुडीची फोक होती, ताजी, हिरवी, पहाटे तोडून सोललेली. ती त्यानं सरांच्या टेबलावर ठेवली. "आन् ही घ्या. हातानं मारताना नेम चुकतो."

मग पोरीकडं वळला. तिला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलला. "आयकलं का गं? मार बसायला लागला की उजव्या कानावर दोनी हात ठिवायचे. डावं अंग म्होरं करायचं. इसरायचं न्हाय."

पोरीनं मान हलवली.

सरांना रडू आलं होतं. खरोखरचं. त्यांनी त्याला उठवलं, खांद्यावर हात ठेवला, चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे पुसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बघा, मॅडम. ह्याला संस्कार म्हणतात."

झालं. त्या माणसाची कीव आली, त्याचा संताप आला, सरांच्या डोळ्यांतलं ते पाणी बघून तर असं वाटलं की नरडीला धरावं. मी टेबलावरची फोक उचलली आणि मोडायला गेले. मोडंना. ओली फोक ती, वाकायची आणि सरळ व्हायची. गुडघ्यावर धरून दाबली, तरी मोडंना. मग मी ती टेबलावर हाणली. सपकन. सर खुर्चीला अडखळत मागं सरले. "कुणीऽऽ मारायचं नाही!" मी ओरडले. सपकन. "डाव्या नाही, उजव्या नाही, कुठंच नाही!" सपकन. खडूची पेटी उडाली, सरांचा चष्मा उडाला. बाप "म्याडम, म्याडम" करत हात जोडत होता. मी भिंतीवर हाणली, टीव्हीच्या कव्हरवर हाणली, दारावर हाणली. "ऐकू येतंय का तुम्हाला? तुम्हाला तरी ऐकू येतंय का?"

दम लागला तेव्हा थांबले. आणि पोरांकडं वळले.

सगळी पोरं माना खाली घालून, डोळे मिटून बसली होती. तिसरी आणि चौथी, सगळी. प्रत्येकाचा हात डाव्या कानावर होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कुणाचं बघितलं नव्हतं. खिडकीजवळ ती एकटीच डोळे उघडे ठेवून माझ्या हातातल्या फोकीकडं बघत होती. तिनं दोन्ही हातांनी उजवा कान घट्ट झाकून घेतला होता आणि डावा गाल माझ्यापुढं केला होता.